जागा आधी दाखवा

1 जुलै 2024 ला, सोमवारी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो माणसं जमली. भूमिगत पार्किंगसाठी तिथं खड्डा खोदला होता. लोकांनी कामाची तोडफोड केली, सेंट्रिंगचं सामान पेटवलं. मुंबईत विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी सभागृहात कामाला स्थगिती जाहीर केली. मागाहून आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले.

तेव्हापासून आपल्या पोरांत दोन तट आहेत. चंद्रपूर असो, मूल असो, वडसा असो, चार जयभीमवाले जमले की वाद पेटतो. एक म्हणतो, बरं झालं, जाळल्याशिवाय इथं कोणी ऐकत नाही. दुसरा म्हणतो, ज्या भूमीवर बाबासाहेबांनी पंचशील घेतलं आणि दिलं तिथं आग लावता, लाज नाही वाटत? दोघंही तावातावानं बोलतात. आणि दोघंही मूळ प्रश्नाला बगल देऊन जातात.

मूळ प्रश्न पार्किंगचा नाही. आगीचा आहे, पण तो नंतरचा. पहिला प्रश्न असा की जी भूमी लाखो माणसांची आहे तिच्यावर काही बांधायचं तर विचारायचं कोणाला? आणि विचारणं म्हणजे नेमकं काय? आपल्या झाडीच्या बोलीत सांगायचं तर, आमाले इचारलं कोनं गा? हे वाक्य आपल्याला साधं वाटतं. माझ्या मते ते नीतीचं वाक्य आहे, आणि त्याचा नीट विचार आपल्या चळवळीत झालेला नाही. तो या पानांवर करून पाहतो.

आधी कागद पाहू. दीक्षाभूमीचा कारभार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीकडे आहे. विकासाचा आराखडा सुमारे 200 कोटींचा. पैसा राज्य सरकारचा, काम नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. सरकारची बाजू अशी की आराखडा समितीच्या सहमतीनंच झाला. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर मालकाला विचारलं, मालकानं होकार दिला, सरकारनं पैसा दिला. मग बोंब कसली? कायद्याचा माणूस इथंच थांबतो. आपल्याला इथून सुरुवात करायची आहे.

त्या भूमीवर येतं कोण, हे आपल्या दोन जिल्ह्यांच्या माणसाला सांगायला नको. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. सिरोंच्याच्या, अहेरीच्या, कोरचीच्या माणसाला त्याहून कितीतरी लांब. अशोक विजयादशमीला ही माणसं एसटीनं येतात, रेल्वेच्या जनरल डब्यात उभी राहून येतात, मेटॅडोर भाड्यानं करून येतात. पोरगं कडेवर, शिदोरी हातात. दीक्षाभूमीची उघडी जमीन म्हणजे त्यांचं बसणं, जेवणं आणि रात्री पाठ टेकणं. त्यांच्या दृष्टीनं ती जमीन रिकामी नाही. नकाशा काढणाऱ्याला मात्र ती रिकामी दिसते. कागदावर जिथं काही बांधलेलं नाही तिथं त्याच्या लेखी काहीच नाही.

यावर कोणी लगेच टाळ्या वाजवू नका. गाडीवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, आणि ते अर्धं खोटं आहे. आज आपल्यातही गाड्या आहेत. शिकून नोकरीला लागलेल्या पोरानं गाडी घेतली आणि ऐंशी वर्षांच्या आजीला तीत बसवून दीक्षाभूमीवर आणलं, तर त्यात कोणाच्या बापाचं काय गेलं? ते बाबासाहेबांच्याच कष्टाचं फळ आहे. गाड्या रस्त्यावर अस्ताव्यस्त लागतात, त्यात पायी चालणारी माणसं चेंगरतात, तेव्हा गाड्यांची सोय कुठं तरी करावीच लागते. पार्किंग हे पाप नाही. पार्किंग कुठं, कोणाच्या जागेवर, किती खोल, स्तूपापासून आणि बोधिवृक्षापासून किती अंतरावर, आणि हे कोणी ठरवायचं, यात पापपुण्य आहे.

आता समितीच्या होकाराकडे येतो. समिती म्हणजे विश्वस्त. विश्वस्त दुसऱ्याच्या वतीनं सही करतो. जगात बहुतेक कामं अशीच चालतात. आमदार आपल्या वतीनं मत देतो, सरपंच आपल्या वतीनं सही ठोकतो. मग इथं काय वेगळं आहे?

वेगळं हे आहे की ही भूमी ज्या कृतीनं पवित्र झाली ती कृती कोणाच्या वतीनं करता येत नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यांच्या शब्दावर समाज दुसऱ्या दिवशी डोळे मिटून गेला असता. पण मे 1936 मध्ये त्यांनी मुंबईत महार परिषद भरवली, धर्मांतराचा प्रश्न लोकांपुढे मांडला, दोन्ही बाजू सांगितल्या. मग वीस वर्षं गेली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला आपल्या चांद्यात, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या गावी, त्यांनी दीक्षा दिली तेव्हा काय केलं? लोकांना उभं केलं आणि 22 प्रतिज्ञा ज्याच्या त्याच्या तोंडून म्हणवून घेतल्या. नवऱ्यानं म्हटली म्हणून बायकोची झाली असं झालं नाही. पाटलानं म्हटली म्हणून गावाची झाली नाही. समाजाच्या पुढाऱ्यांची एक यादी करून त्यांच्या सह्या घेणं सोपं होतं, दमही कमी लागला असता. प्रकृती ढासळलेली होती, पुढं दोन महिनेसुद्धा ते जगले नाहीत. तरी प्रत्येक माणसाच्या तोंडून त्याचा स्वतःचा शब्द निघावा हे त्यांना महत्त्वाचं वाटलं.

हजारो वर्षं या समाजाच्या वतीनं दुसरेच बोलत आले होते. कुठं राहायचं, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं, मेलेलं ढोर कोणी ओढायचं, हे दुसऱ्यांनीच ठरवलेलं. त्या भूमीवर पहिल्यांदा माणूस आपल्या तोंडानं आपल्याबद्दल बोलला. म्हणून जिथं माणसाला तोंड मिळालं, तिथंच त्याला न विचारता जमीन खोदली जाते, तेव्हा खड्डा मातीच्याही खाली जातो. लोकांचा संताप तिथून आला. ज्यांना तो पार्किंगचा संताप वाटला त्यांना काही कळलं नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. लाखो माणसांना विचारायचं कसं? प्रत्येकाच्या होकारासाठी थांबायचं तर संडास बांधता येणार नाही, नळ टाकता येणार नाही, पावसात छत घालता येणार नाही. स्तूपसुद्धा झाला नसता. त्याचं काम 1978 ला सुरू झालं आणि 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सगळ्यांना विचारत बसलो असतो तर अजून पायाच खोदत असतो. कोणीतरी सही करावीच लागते.

मान्य. सही कोणीतरी करावीच लागते. पण सहीच्या आधी काय करायचं याचं उत्तर आपल्याच घरात अडीच हजार वर्षांपासून पडलेलं आहे आणि आपण ते उघडून पाहिलेलं नाही. ते विनयपिटकात आहे.

भिक्खूंचे नियम आम्हाला कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला बाबासाहेबांचाच दाखला देतो. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी सांगितलं की भारताला संसदीय पद्धत परकी नाही. भिक्खू संघाला बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम माहीत होते. संघाचा विनय त्यांनी लोकशाहीचा पुरावा म्हणून वापरला. तेव्हा आपणही तो तसाच वाचू.

विनयात बांधकामाबद्दल दोन नियम आहेत आणि ते संघादिसेस या वर्गात येतात. पाराजिक सोडलं तर त्याहून गंभीर दोष नाही. म्हणजे बांधकाम ही बुद्धाच्या संघात किरकोळ बाब नव्हती. दुसऱ्या नियमामागची गोष्ट कोसंबीची आहे. छन्न नावाचा भिक्खू होता. एका दात्यानं त्याला विहार बांधून देतो म्हटलं. छन्नानं जागा साफ करायला घेतली आणि तिथलं एक झाड तोडलं. त्या झाडाला गाव मानत होतं, आजूबाजूचा मुलूख मानत होता. लोक चिडले. हे समण असं कसं करू शकतात, म्हणाले. बुद्धानं काय केलं? लोक अडाणी आहेत, झाडं पूजतात, असं म्हणून त्यांना हाकललं नाही. छन्नाला दोष दिला आणि नियम घातला.

नियम असा. मोठा विहार बांधायचा, दाता मिळालेला आहे, पैशाची ददात नाही, तरी जागा आधी संघाला दाखवायची. भिक्खूनं संघापुढं जाऊन एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विनंती करायची की चला, माझी जागा पाहा. संघ स्वतः जाऊन पाहील, किंवा सगळ्यांना जमत नसेल तर जाणत्या भिक्खूंना सर्वांच्या संमतीनं नेमून पाठवील. त्यांनी दोन गोष्टी तपासायच्या. एक, तिथं कोणाचा जीव आणि कोणाचं पोट तर नाही ना. मुंग्या, वाळवी, साप, विंचू इथपासून वाघापर्यंत यादी आहे; शेतातलं पीकही त्यात येतं. ताडोबाच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला ही यादी नवी वाटायची नाही. दुसरी गोष्ट, इमारतीभोवती मोकळी जागा हवी. किती? जुंपलेली बैलगाडी सभोवार फिरू शकेल इतकी.

बैलगाडीचं माप वाचून हसू येतं, कारण आजचा वादही गाडीचाच. पण नीट पाहा. तिथं गाडी इमारतीला मोकळं ठेवण्यासाठी आहे, लोकांची मोकळी जागा खाण्यासाठी नाही. आणि त्याहून महत्त्वाचं हे की लहान कुटी भिक्खू स्वतः मागून आणून बांधतो तेव्हा नियमानं तिच्या लांबीरुंदीला मर्यादा घातली. दाता असलेल्या मोठ्या विहाराला ती मर्यादा नाही. हवा तेवढा मोठा बांधा. पण जागा दाखवण्याची अट दोन्हीकडे कायम. पैसा आला म्हणून विचारणं सुटत नाही. 200 कोटींचा दाता मिळाल्यावर आपल्या माणसांनी हा नियम वाचला असता तर बरं झालं असतं.

आता लाखोंना विचारायचं कसं, या आक्षेपाकडे परत येऊ. संघात ठराव मांडला की ज्याला पटत नाही त्यानं बोलावं, ज्याला पटतं त्यानं गप्प राहावं, अशी रीत होती. मौन म्हणजे संमती. आपले पुढारी हे वाक्य फार आवडीनं वापरतात. लोक काही बोलले नाहीत, म्हणजे लोकांना मान्य आहे. पण संघातलं मौन कोणाचं होतं? जो समोर बसलेला आहे, ज्यानं ठराव ऐकला आहे, आणि जो बोलला तर त्याला कोणी दाबणार नाही, त्याचं. जो भिक्खू आजारी आहे, येऊ शकत नाही, त्याचं मौन धरून चालत नसत. त्याची संमती, तिला पालीत छंद म्हणतात, दुसऱ्या भिक्खूनं त्याच्याकडून घेऊन संघात आणायची. ती गृहीत धरायची नाही.

मला वाटतं आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. ज्याला सांगितलं, दाखवलं, बोलायला वेळ दिला आणि तरी तो गप्प राहिला, त्याचं मौन मोजा. ज्याला सांगितलंच नाही त्याचं मौन मोजू नका. प्रत्येकाचा होकार लागत नाही. प्रत्येकापर्यंत प्रश्न पोचावा लागतो. लाखो माणसांचा होकार मिळवणं अशक्य आहे, पण लाखो माणसांना नकाशा दाखवणं अशक्य नाही. ती दरवर्षी आपण होऊन तिथं येतात!

देशाचा कायदा याबाबत काय म्हणतो तेही पोरांना ठाऊक असावं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात शहराची विकास योजना करताना ती लोकांपुढं ठेवून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते. पण एकट्या इमारतीच्या परवानगीला तशी सक्ती नाही. तो मालक आणि प्राधिकरण यांच्यातला मामला. विलायतेत उलट आहे. तिथं एखाद्या चर्चला आपली इमारत वाढवायची असली, आवारात गाड्यांची सोय करायची असली, तर अर्जाची सूचना त्या जागेवर लागते किंवा शेजाऱ्यांना पत्र जातं, आणि म्हणणं मांडायला साधारण 21 दिवस मिळतात. देव मोठा असला तरी नकाशा खिडकीवर चिकटवावाच लागतो.

आपल्या जंगलमुलखात खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते. 2006 चाच वनहक्क कायदा आहे. त्याच्या जोरावर सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 2013 ला ओडिशातल्या नियमगिरीबद्दल सांगितलं की हा डोंगर डोंगरिया कोंधांचा देव आहे की नाही हे त्यांच्या ग्रामसभा ठरवतील. 12 ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी खाणीला नकार दिला. इकडं एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेव आहे आणि त्याच पहाडात लोखंडाची खाण चालू आहे. सुरजागडवर आपण न विचारता खोदलं म्हणून बोट दाखवायचं आणि आपल्या समितीनं न विचारता खोदलं की घरातलं भांडण म्हणून झाकायचं, हे चालणार नाही. नीती दोन मापांची नसते.

इथपर्यंत सगळं सोपं वाटेल. आता अवघड भाग. विचारणं हे नेहमी गरिबाच्या बाजूचं हत्यार असतं असं समजू नका. ते आपल्या गळ्यावरही फिरतं.

अमेरिकेत टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरो नावाचं गाव आहे. 2010 मध्ये तिथल्या मुसलमानांनी मशीद बांधायला परवानगी मिळवली. विरोधक कोर्टात गेले. 2012 मध्ये स्थानिक न्यायाधीशानं परवानगी रद्द ठरवली, कारण काय, तर लोकांना पुरेशी जाहीर सूचना दिली नव्हती. ऐकायला किती लोकशाहीचं! शेवटी वरच्या, केंद्रीय न्यायालयाला मध्ये पडावं लागलं तेव्हा ऑगस्ट 2012 मध्ये मशीद उघडली. तिथं धर्मस्थळांच्या जमीनवापराला संरक्षण देणारा 2000 सालचा खास कायदा आहे. आपल्याकडं?

आपल्याकडं गावात निळा झेंडा लावायचा म्हटला की वाहतुकीला अडथळा होतो. विहारासाठी जागा मागितली की ती नेमकी गुरांची निघते. बहुतेक वस्त्यांतले विहार सरकारी जागेवर आहेत, कारण आपल्याला बापजाद्यांची जमीनच नव्हती. 29 सप्टेंबर 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धर्मस्थळ होऊ द्यायचं नाही असा आदेश दिला. आदेश सगळ्या धर्मांना सारखा. पण ज्याच्याकडं पिढीजात इनाम जमीन आहे त्याला तो लागतच नाही आणि ज्याच्याकडं हातभर जागा नाही त्याला तो आधी लागतो. अशा गावात विहाराचा प्रश्न बहुमताला टाकला तर काय होईल? खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 ला उगाच बजावलं नव्हतं.

म्हणून विचारायचं कोणाला, याची कसोटी हवी. माझी कसोटी अशी. ज्याच्या पायाखालची जमीन बदलणार आहे, त्याला विचारा. ज्याच्या डोळ्यात नुसतं खुपतं, त्याला विचारायची गरज नाही. विहारामुळं शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरणार असेल, त्याची वाट बंद होणार असेल, त्याच्या दारात गाड्या लागणार असतील, तर तो शेजारी कोणत्याही जातीचा असो, त्याचं ऐकलंच पाहिजे आणि तोड काढलीच पाहिजे. पण बुद्धाची मूर्ती रोज दिसेल म्हणून ज्याला त्रास होतो, त्याच्या त्रासाला हरकत म्हणत नाहीत. त्याला विटाळ म्हणतात. नोंदवहीत त्याला जागा नाही. ही कसोटी दीक्षाभूमीला लावून पाहा. तिथं पाय कोणाचे? समितीच्या चार खुर्च्यांचे, की कोरचीहून आलेल्या त्या माउलीचे?

आता आगीकडे येतो, टाळणार नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की घटनेचे मार्ग उघडे असताना रक्ताचे मार्ग, असहकार, सत्याग्रह सोडले पाहिजेत. ते अराजकाचं व्याकरण आहे. आपले शांततावाले मित्र एवढंच सांगतात. आपले जाळपोळवाले मित्र हे वाक्य विसरतात. दोघांनीही त्यातली अट वाचावी. मार्ग उघडे असताना. जेव्हा मार्गच नव्हते तेव्हा त्या पद्धतींना समर्थन होतं, असंही ते त्याच दमात म्हणाले.

मग मार्ग उघडा आहे हे ठरवायचं कशावरून? नागपुरातल्या एका कार्यालयात फाईल ठेवलेली आहे, मागितली तर मिळेल, याला मी उघडं दार म्हणत नाही. ज्याला दार आहे हेच सांगितलं नाही त्याच्यासाठी ती भिंतच आहे. म्हणून त्या दिवशीच्या आगीचा पहिला जाब न विचारणाऱ्यांना द्यावा लागेल. हे मी ठामपणानं म्हणतो. पण आग लावणाऱ्यालाही जाब सुटत नाही. दार बंद आहे की नाही हे ढकलून पाहिल्याशिवाय कळत नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्ज दहा रुपयांचा. आणि आगीचा हिशोब शेवटी कोणाच्या नावावर मांडला जातो? स्थगिती घोषित करणारा सभागृहात बसतो. गुन्हा वीस वर्षांच्या पोराच्या नावावर बसतो, आणि नोकरीच्या वेळी पोलिस पडताळणीत तो वर येतो. ज्या चळवळीला आपल्या पोरांची किंमत आहे तिनं हा हिशोब आधी करावा.

दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. त्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांना देवाजी तोफांची घोषणा तोंडपाठ आहे, पण त्यामागची मेहनत कोणी सांगत नाही. तिथं निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतात, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगट बसतो. कायदा वाचायचा, आकडे पाहायचे, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं, आणि मग ग्रामसभेत यायचं. आपलं मिश्र वस्तीचं गाव म्हणजे मेंढा नाही, ते वर सांगितलंच. पण आपली वस्ती, आपला विहार, आपली दीक्षाभूमी यांच्यापुरता अभ्यासगट काढायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही.

नकाशा वाचायला इंजिनियर लागत नाही. लागतो तो प्रश्न विचारायचा धीर. खड्ड्यावर छत घालून त्यावर लोक उभे राहणार असतील तर विचारा, छताला भार किती धरला? गर्दी उभी राहते अशा मजल्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 500 किलो धरतात. विचारा, आग लागली, धूर झाला तर खालची माणसं वर यायला वाटा किती? पावसाचं पाणी उपसणार कोण, वीज गेली तर पंप कशावर चालणार? स्तूपाच्या पायाची तपासणी कोणी केली, अहवाल कुठं आहे? झाडाच्या मुळ्या किती लांब जातात हे कोणी पाहिलं का? 363 दिवस ते पार्किंग कोण वापरणार, आणि पावती कोण फाडणार? आणि शेवटचा प्रश्न: गाड्या दोन किलोमीटरवर ठेवून म्हाताऱ्या माणसांसाठी बस सोडता येते का? हे सात प्रश्न लिहून नेणारा एक पोरगा शंभर घोषणांपेक्षा जास्त घाम फोडतो.

माझी मागणी मोठी नाही. दीक्षाभूमीवर यापुढं काहीही बांधायचं असेल तर त्याचा नकाशा, मोठा, मराठीत, खर्चासकट, एक वर्ष आधी अशोक विजयादशमीला त्याच मैदानात लावा. शेजारी नोंदवही ठेवा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं लिहून घ्यायला पोरंपोरी बसवा. आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्या, पटल्या तर नकाशा बदला, पटल्या नाहीत तर कारण सांगा. आणि हे एकदा करून थांबू नका. विनय तीनदा विचारायला सांगतो.

चांद्याच्या दीक्षाभूमीलाही हेच लागू. दर 15 आणि 16 ऑक्टोबरला डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या आवारात आपले दोन्ही जिल्हे लोटतात. तिथं उद्या काही नवं बांधायचं ठरलं तर त्या दोन दिवसांत नकाशा लोकांपुढं यावा. खड्डा पडल्यावर जमण्यात पुरुषार्थ नाही, खड्डा पडायच्या आधी कागद मागण्यात आहे.

आणि समितीवर बोट दाखवताना आपल्या वस्तीतल्या विहाराकडंही पाहा. सभामंडप वाढवताना बायांना विचारलं होतं का? दर पौर्णिमेला विहार झाडतात त्या, पाणी भरतात त्या, वंदनेला बसतात त्या. मंडपात टाइल्स कोणत्या लावायच्या हे ठरवतात पानटपरीवरचे पाच जण. बायांसाठी संडास मात्र नकाशातच नसतो. कोणी विचारलं तर आपण म्हणतो, त्या काही बोलल्या नाहीत. हेच ते मौन. नागपूरच्या समितीनं जे लाखोंच्या बाबतीत केलं तेच आपण पन्नास बायांच्या बाबतीत करतो. खड्डा लहान आहे, एवढाच फरक.

पोरांनो, ज्या समाजाला कोणी कधी काही विचारलं नाही त्या समाजातून आपण आलो. आपल्या हातात चार ठिकाणचा कारभार आला आहे. उद्या आणखी येईल. तेव्हा आपण विचारणार की नाही, यावरून कळेल की 1956 ला आपल्यात काय बदललं. येत्या पौर्णिमेला आपल्या विहाराच्या पुढच्या कामाचा कागद भिंतीवर लावा. बायांना, म्हाताऱ्यांना, रोजीवर जाणाऱ्यांना संध्याकाळी बोलवा. वाचून दाखवा. एकदा विचारा, दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. मग कुदळ मारा.

जयभीम.